आधी किल्ली, मग करार

"काकू, एखादा फ्लॅट घेऊन ठेवावा म्हणतोय. भाड्याने देऊ, घरबसल्या पैसे येत राहतील." असं कोणी म्हणालं की मी हात जोडते. घरबसल्या! अहो, आख्खी हयात लोकांची घरं भाड्याने देण्यात गेली माझी, आणि घरबसल्या मला आले ते फक्त फोन. गीझर बंद पडलाय, लिफ्ट अडकलीय, वरचे नाचतात, खालचे पोलीस बोलावतात. भाड्याने दिलेलं घर म्हणजे दुसऱ्याच्या कडेवर दिलेलं आपलं लेकरू. आपण गप्पा मारत असतो, पण डोळे सगळे तिकडे.

माझं काम काय होतं ते आधी सांगते, म्हणजे गैरसमज नको. सदाशिव पेठेत आमच्या इमारतीच्या जिन्याखाली माझं एक टेबल आणि दोन खुर्च्या होत्या. समोर लोक मला आपटेबाई म्हणत आणि पाठ फिरली की दलाल म्हणत. ज्याच्याकडे घर आहे आणि ज्याला घर हवं आहे, त्यांची गाठ घालून द्यायची, दोघांचा करार करून द्यायचा, त्याचा मेहनताना घ्यायचा आणि पुढचे अकरा महिने दोघांच्या शिव्या खायच्या. गुडघ्यांनी संप पुकारला तेव्हा टेबल उचललं. पण अजूनही सकाळी फोन वाजला की हात आधी वहीकडे जातो. सवय जात नाही.

सुरुवात पेठेतल्या विद्यार्थ्यांच्या खोल्यांपासून झाली. मालक एकेक नमुना. एक आजोबा होते, खोली देताना अटी तोंडपाठ म्हणून दाखवायचे. रात्री दहानंतर नळ सोडायचा नाही, मित्र जिन्यातच भेटायचे, पहाटे खोकायचं नाही. मी म्हटलं, "आजोबा, खोकला काय विचारून येतो?" तर म्हणाले, "मग न खोकणारा मुलगा आणा." आणला बाई! स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा, इतका शांत की शेवटी आजोबाच मला म्हणाले, "जरा बघून या हो, आत आहे ना तो?"

पुढे पुणं पसरलं आणि माझी पायपीट नगर रस्त्यावर गेली. वाघोलीत इमारती उठायला लागल्या आणि जो तो "इन्व्हेस्टमेंट" म्हणून तिकडे एक फ्लॅट घ्यायला लागला. एक आयटीतला मुलगा लॅपटॉप उघडून बसला माझ्यासमोर. "काकू, मी एक्सेलमध्ये सगळं कॅल्क्युलेट केलंय. रेंटमध्ये हप्ता निघतो." मी बघितलं. त्याच्या वर्षाला बारा महिने होते. मी म्हटलं, "बाळा, भाड्याच्या घराचं वर्ष कधीच पुरतं बारा महिन्यांचं नसतं. एक भाडेकरू गेला की रंग, सफाई, फुटलेल्या टाइल्स, मग नवा मिळेपर्यंत घर मोकळं. मेंटेनन्स मात्र घर मोकळं आहे म्हणून कोणी माफ करत नाही." त्याला राग आला. येऊ दे. हप्ता भरायला भाड्याची वाट बघावी लागत असेल तर ते घर आपल्याला झेपत नाही, एवढं सांगणं माझं कामच होतं.

दुसरं म्हणजे पाणी. लोक फ्लॅट बघायला जातात दिवाळीच्या सुट्टीत. हवा छान, बाग हिरवी, बिल्डरचा माणूस थंडगार सरबत देतो. मी म्हणायची, एप्रिलमध्ये जा, भर दुपारी. गेटावर उभे राहा, टँकर किती येतात बघा आणि वॉचमनला चहा पाजा. वॉचमन जे सांगतो ते माहितीपत्रकात छापत नाहीत.

पण हे सगळं निस्तरता येतं. निस्तरता येत नाही अशी चूक एकच, ती म्हणजे कागदाच्या आधी किल्ली देणं. त्या चुकीने माझी रात्रीची झोप उडवली होती, म्हणून तीच गोष्ट सविस्तर सांगते.

निर्मलाताई वानखेडे एका सरकारी रुग्णालयात परिचारिका होत्या. मूळच्या अकोल्याकडच्या. नवरा लवकर गेला, मुलगा शिकून परदेशी गेला तो तिकडचाच झाला. बाई सगळी नोकरीभर रुग्णालयाच्या क्वार्टरमध्ये राहिल्या. निवृत्तीला थोडा काळ उरला तेव्हा फंडातून पैसे काढून वाघोलीत दोन बेडरूमचा फ्लॅट घेतला. निवृत्तीपर्यंत भाड्याने द्यायचा आणि मग स्वतः राहायला जायचं, असा सरळ हिशोब. पुण्यात इतकी वर्षं काढून बोलणं अगदी इथलं झालं होतं, पण घाबरल्या की वऱ्हाडी बाहेर यायचं.

त्यांना मी भाडेकरू दिला मंदार शिंदे. आयटी कंपनीत नोकरी, बायको ऋतुजा घरी मुलांच्या शिकवण्या घेणारी, मुलगी दुसरीत. बोलायला गोड, कपडे इस्त्रीचे, पाठीवर कंपनीची सॅक. असा भाडेकरू म्हणजे आमच्या धंद्यात लॉटरीच. मंदारला शनिवारी सुट्टी, म्हणून करार पुढच्या शनिवारी ठरला.

आणि मधेच पितृपक्ष आला.

ऋतुजाच्या आईचा साताऱ्याहून फोन आला की पक्ष लागायच्या आत नव्या घरात दूध उतू घालवा, नाहीतर पुढे पंधरा दिवस तिथे पाऊल ठेवायचं नाही. ऋतुजाने निर्मलाताईंना विनंती केली. निर्मलाताईंनी मला फोन केला.

"आपटेबाई, फक्त दूध उतू घालवणार आहेत. तासाभरात किल्ली परत देतील. देऊ ना?"

"अजिबात नाही," मी म्हटलं. "दूध उतू घालवायला गॅस लागतो, गॅसला सिलिंडर लागतो आणि सिलिंडर एकटा येत नसतो."

त्या हसल्या. मग म्हणाल्या, "आमच्यात नाही हो हे पक्ष-मुहूर्त. आम्ही बौद्ध. घर घेतलं तेव्हा वंदना घेतली, खीर केली, झालं. पण मी नाही म्हटलं तर त्यांना काय वाटेल? आपल्या चालीरीतीला ही बाई किंमत देत नाही, असंच ना? तसं नको वाटायला कोणाला माझ्या दारात."

माणूस दुष्टपणाने चुकला तर त्याला खडसावता येतं, चांगुलपणाने चुकायला लागला की आपली जीभ अडखळते. मी एवढंच म्हटलं, "ताई, किल्ली द्यायची तर आधी करार. बाकी तुमचं घर, तुमची मर्जी." त्यांनी किल्ली दिली.

सिलिंडरच्या मागोमाग पलंग आला, वॉशिंग मशीन आलं, मुलीची सायकल आली. दूध उतू गेलं म्हणजे गृहप्रवेश झाला, आणि गृहप्रवेश झालेल्या घरातून सामान बाहेर काढणं अशुभ. शनिवारी मी कराराची तयारी करून बसले, तर मंदारचा फोन. "काकू, सॉरी, अ‍ॅक्च्युअली या वीकमध्ये रिलीज आहे. नेक्स्ट सॅटर्डे पक्का!" पुढच्या शनिवारी मुलीला ताप. त्याच्या पुढच्या शनिवारी कंपनीचं पत्र मिळालं नाही.

इथे नवख्यांसाठी थोडं कायद्याचं सांगते. आपल्याकडे घर वापरायला द्यायचा करार लेखी हवा, त्याची नोंदणी हवी, आणि ती करून घेण्याची जबाबदारी मालकाची असते. कागद नसला तर भाडेकरू म्हणेल त्याच अटी खऱ्या धरल्या जातात. त्या खोट्या आहेत हे सिद्ध करत बसायचं मालकाने. म्हणजे उद्या तो म्हणाला, "मला पाच वर्षांसाठी दिलंय," तर बसा कोर्टाच्या पायऱ्या झिजवत. हे मी निर्मलाताईंना इतक्यांदा सांगितलं की शेवटी त्याच माझ्यावर चिडल्या. "भाडं एक तारखेला येतंय ना? मग कशाला त्या पोराच्या मागे लागता?"

भाडं खरंच वेळेवर येत होतं. माझी धास्ती त्यामुळे कमी व्हायच्या ऐवजी वाढली. जो भाडं देतो तो सही का देत नाही?

असं करत वर्ष सरत आलं. निर्मलाताई निवृत्त झाल्या. क्वार्टर सोडायला जी मुदत मिळाली होती ती संपत आली, आणि ज्या नव्या नर्सला ती जागा मिळाली होती ती येऊन खिडक्यांची मापंसुद्धा घेऊन गेली पडद्यांसाठी. निर्मलाताईंनी मंदारला घर सोडायला सांगितलं. तो म्हणाला, "हो मावशी." आणि त्यानंतर त्याने त्यांचा फोन उचलणं बंद केलं.

त्या माझ्या टेबलाशी आल्या. आयुष्यभर दुसऱ्यांच्या हाताच्या शिरा अचूक शोधणारी बाई, पाण्याचा पेला नीट धरता येईना.

"आपटेबाई, माझं घर गेलं का हो?"

"असं कसं जाईल?" मी म्हटलं खरं, पण माझाच आवाज मला पोकळ वाटला.

"काहून सही नाही केली त्यानं? मी आता जाऊ कुठं? पोरगा तिकडं. क्वार्टरच्या दारावर कधी माझ्या नावाची पाटी नव्हती, नंबर होता नुसता. म्हटलं शेवटी तरी आपल्या दारात बसू." आणि त्या रडायला लागल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी मंदारला माझ्या नंबरवरून फोन केला आणि सरळ म्हटलं, "आज संध्याकाळी मी घरी येतेय." तो एकदम घाबरला. "काकू, प्लीज, घरी नको. तुम्ही स्वारगेटला याल? एसटी स्टँडवर?"

आता भाडेकरू एसटी स्टँडवर कशाला बोलावतो? मी गेले. साताऱ्याच्या गाड्या लागतात तिथल्या बाकावर तो बसला होता. इस्त्रीचा शर्ट, पाठीवर कंपनीची सॅक, मांडीवर डबा. माझ्याकडे न बघता म्हणाला, "काकू, मला जॉब नाहीये. शिफ्ट झालो त्याच आठवड्यात काढलं. करारात काम कुठे करता ते लिहायचं, सोसायटीला कंपनीचं पत्र द्यायचं... कुठून देऊ? खरं सांगितलं असतं तर मावशींनी घर दिलं असतं?"

"आणि ऋतुजा?"

"तिला माहीत नाही. रोज सकाळी निघतो, इथे बसतो. इथे कोणी विचारत नाही, का बसलास म्हणून. सगळेच बसलेले असतात."

भाडं साठवलेल्या पैशांतून चाललं होतं. मला त्याच्या कानशिलात दोन वाजवाव्याशा वाटल्या, आणि त्याच वेळी त्याला घरी नेऊन गरम वरणभात वाढावासा वाटला. दोन्ही केलं नाही. म्हटलं, "बायकोला सांग. आजच."

"सांगतो काकू. पण सध्या तुम्ही कोणाला बोलू नका, प्लीज. मावशींनाही नाही."

मी कबूल झाले.

भाडेकरूने घर सोडावं असं वाटत असेल तर त्याला दुसरं घर शोधून द्यावं, हा आमच्या धंद्यातला जुना उपाय. वीज तोडून आणि पाणी बंद करून कोणी जात नाही, उलट तो गुन्हा होतो. तेव्हा मी मंदारसाठी घर शोधायला निघाले. जिथे जाईन तिथे पहिला प्रश्न एकच: "नोकरी कुठे? सॅलरी स्लिप आहे ना?" कसली तक्रार करू? हा प्रश्न विचारायला या मालकांना मीच शिकवलं होतं. विमाननगरला नाही, खराडीला नाही, धनकवडीत एक बाई अर्ध्या तयार झाल्या आणि त्यांच्या जावयाने मोडता घातला. दिवस जात होते. रात्री मी उठून बसायची. आमचे हे म्हणायचे, "घर तिचं, नोकरी त्याची, झोप तुझी का जाते?"

शेवटी मंदारच म्हणाला, "काकू, मी करतो सोय. महिनाअखेरीला घर मोकळं असेल. शब्द देतो." मी निर्मलाताईंना तारीख सांगितली. त्यांनी टेम्पो ठरवला.

त्या दिवशी सकाळी मी वाघोलीला पोचले तर टेम्पो गेटाशी उभा. त्यात निर्मलाताईंचा सगळा संसार: कपाट, फ्रिज, गाद्या, कढीपत्त्याची कुंडी, वर्तमानपत्रात गुंडाळलेली बुद्धाची मूर्ती त्यांनी मांडीवर धरलेली. क्वार्टरची किल्ली त्या देऊन आल्या होत्या. मागे दार नव्हतं आता त्यांना. आणि पुढच्या दाराला, वर तिसऱ्या मजल्यावर, कुलूप. मंदारचं सामान आतच असणार, खिडकीत कपडे वाळत होते. त्याचा फोन बंद, ऋतुजा उचलेना.

टेम्पोवाला दर थोड्या वेळाने खाली उतरायचा. "बाई, अजून किती येळ हाय? मला दुसरं भाडं हाय."

सोसायटीचे सेक्रेटरी हातात कुत्र्याचा पट्टा घेऊन आले. "तुमच्याकडे दुसरी किल्ली आहे ना, मॅडम? मग उघडा की! स्वतःच्या घरात जायला कोणाची परमिशन लागते?"

निर्मलाताईंनी पर्समधून किल्ली काढली आणि माझ्याकडे बघितलं.

"नाही ताई," मी म्हटलं. "त्याच्या मागे कुलूप उघडलंत आणि उद्या तो म्हणाला माझे दागिने गेले, तर चोर तुम्ही. करार नाही आपल्याकडे."

"मग करू काय? रस्त्यावर बसू?" त्या ओरडल्या. त्यांना ओरडताना मी पहिल्यांदा पाहिलं. किल्ली घट्ट मुठीत धरलेली. ऊन चढत होतं, फ्रिजवर कावळा येऊन बसला होता आणि येणारा-जाणारा प्रत्येक माणूस थांबून बघत होता.

दुपारी ऋतुजा मुलीच्या शाळेतला कार्यक्रम आटोपून तिला घेऊन स्कूटरवरून आली. टेम्पो बघून थबकली.

"मावशी? तुम्ही? हे सामान...?"

"घर खाली करायचं होतं ना आज," निर्मलाताई म्हणाल्या.

"आज? कोणी सांगितलं? मंदार तर म्हणाला तुम्ही अजून सहा महिने मुदत दिलीय." मग तिचा आवाज चढला. "आणि न कळवता असं टेम्पो घेऊन येता? माणसं आहोत की नाही आम्ही? थांबा, मी त्याला ऑफिसमधून बोलावून घेते."

तिने फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. "मीटिंगमध्ये असेल," ती म्हणाली, आणि कंपनीचा नंबर शोधायला लागली.

मी शब्द दिला होता. पण ती त्या नंबरवर फोन करून सगळ्या सोसायटीसमोर परक्या माणसाच्या तोंडून ऐकणार होती. मी तिचा हात धरून जिन्यात नेलं आणि सांगितलं. नोकरी नाही. वर्ष होत आलं. रोज स्वारगेटला बसतो.

ती पायरीवर बसली. मग अगदी हळू म्हणाली, "आज डबा न घेता गेला. मी हाक मारली तर म्हणाला, नको, आज लागणार नाही."

निर्मलाताई माझ्या मागेच येऊन उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मला वाटलं आता या बाईचा बांध फुटणार, इतके महिने फसवलं म्हणून. पण त्यांचा चेहराच बदलला. त्या ऋतुजासमोर वाकल्या आणि प्रश्न विचारायला लागल्या, एकामागून एक. सकाळी जेवला का? रात्री झोपतो का? काही गोळ्या चालू आहेत? मुलीला जवळ घेतलं का जाताना? ऋतुजा म्हणाली, "हो. खूप वेळ."

"उठा," निर्मलाताई म्हणाल्या. "आपटेबाई, तो बाक तुम्हाला माहीत आहे ना? चला."

"आणि सामान?" टेम्पोवाला म्हणाला.

"उतरव पार्किंगमध्ये."

"मॅडम, पार्किंगमध्ये नियम..." सेक्रेटरी म्हणायला लागले.

"नियम ठेवा तुमच्यापाशी! आणि या पोरीला तुमच्या घरी बसवा, खायला द्या काहीतरी." मूर्ती तेवढी त्यांनी सेक्रेटरींच्या हातात दिली. एका हातात पट्टा, दुसऱ्या हातात बुद्ध, ते तसेच उभे राहिले. ऋतुजा धावत वर गेली आणि सकाळचा डबा घेऊन खाली आली.

वाघोली ते स्वारगेट, तोही रिक्षाने आणि भर दुपारी! प्रत्येक सिग्नल लाल. ऋतुजा पुटपुटत होती, "मला कळलं कसं नाही? मला कळलं कसं नाही?" निर्मलाताईंनी तिच्या मनगटावर बोटं ठेवली होती, नाडी बघितल्यासारखी, आणि त्या रिक्षावाल्याला म्हणत होत्या, "दादा, जरा घाई करा नं." मी गणपतीला काय काय कबूल केलं ते इथे लिहीत नाही. त्या तासाभरात मला घर, करार, कायदा काही आठवलं नाही. रिकामा बाक तेवढा डोळ्यांसमोर येत होता.

बाक रिकामाच होता.

ऋतुजाने माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले. स्टँडवर ही गर्दी. आम्ही तिघी या टोकापासून त्या टोकापर्यंत माणसांचे चेहरे बघत चाललो. आणि शेवटी, गाड्या वळतात तिथे, अगदी रस्त्याच्या कडेशी तो उभा दिसला. सॅक पाठीवर नव्हती. येणाऱ्या गाड्यांकडे बघत होता. मला ते उभं राहणं आवडलं नाही.

निर्मलाताई हाक न मारता गेल्या. झपाझप, आवाज न करता, वॉर्डात चालतात तशा. जवळ जाऊन त्यांनी त्याचा दंड धरला, मागे ओढला आणि मगच म्हणाल्या, "चला. घरी जायचंय."

त्याने ओळखलंच नाही आधी. मग म्हणाला, "मावशी, तुमचं घर..."

"घर कुठं पळून जातं का, बाप्पा?"

ऋतुजा पुढे झाली. मला वाटलं ती मारते आता. तिने डबा पुढे केला. "विसरला होतास," म्हणाली, आणि तिथेच, त्या धुरात आणि हॉर्नच्या गोंगाटात, तिला रडू फुटलं.

दिवेलागणीला आम्ही वाघोलीत परत आलो. कुलूप ऋतुजाने उघडलं. निर्मलाताई स्वतःच्या घरात पाहुण्यासारख्या दाराशी उभ्या, तर तीच म्हणाली, "मावशी, आत या ना." कोणीतरी चहा केला. निर्मलाताई म्हणाल्या, मला एक खोली पुरे. एका खोलीत तुम्ही राहा, स्वयंपाकघर दोघांचं. याला नोकरी लागेपर्यंत. आणि उद्या सकाळी माझ्याबरोबर आमच्या डॉक्टरांकडे यायचं, ते मी सांगेन त्या वेळेला.

सगळ्यांचे डोळे भरून आले. मी मात्र म्हटलं, "थांबा. करार झाल्याशिवाय कोणी झोपायचं नाही."

"आपटेबाई, आत्ता?" निर्मलाताई म्हणाल्या.

"आत्ताच. दया आली म्हणून कागद ठेवला बाजूला, की वर्षभराने पुन्हा आपण याच जिन्यात." मी कठोर झाले असेन. पण मला खरोखर भीती वाटत होती, त्या सगळ्यांसाठी. लॅपटॉप माझ्या पिशवीत होताच. एक खोली, इतके महिने, इतकं भाडं, घर सोडायची तारीख, सगळं लिहिलं. साक्षीला सेक्रेटरी आणि त्यांची बायको आली. मग मंदारचा व्यवसाय लिहायची वेळ आली आणि माझी बोटं थांबली.

मग ऋतुजा म्हणाली, "लिहा काकू. सध्या नोकरी शोधतो."

लिहिलं. राहिला अंगठा. आजकाल करारावर अंगठा म्हणजे शाई नव्हे. काडेपेटीएवढं एक यंत्र लॅपटॉपला जोडायचं, त्याच्या काचेवर अंगठा ठेवला की माणसाची ओळख पटते. बाकीच्यांचे झाले, मग मंदारने अंगठा ठेवला. यंत्राने नाकारला. पुन्हा ठेवला. पुन्हा नाकारला. हात घामाने निथळत होता, अंगठा काचेवरून सरकत होता. तो हसायचा प्रयत्न करत म्हणाला, "काकू, यालाही मी कोण ते कळत नाहीये."

निर्मलाताई उठल्या. त्याच्याशेजारी बसल्या. पदराने त्याचा अंगठा पुसला, पेराच्या रेघांमधून, नीट, सावकाश. मग तो आपल्या हातात घेऊन काचेवर ठेवला आणि वरून आपला अंगठा दाबून धरला.

"हलायचं नाही आता," त्या म्हणाल्या. "मी आहे."

यंत्राने ओळखलं. "झालं," मी म्हटलं. "काढा हात." दोघांनीही काढला नाही.